हरण्याचं दावं

गेल्या वर्षी मे महिन्यात मी एका बाईंशी खोटं बोलले. बोलायची काही गरज नव्हती. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ खोऱ्यात, स्टॅन्टन गावाच्या पलीकडे त्यांचं कुरण आहे, तिथे आम्ही दोघी तार गुंडाळत होतो. दुपार कलली होती. बाईंनी हातातलं काम न थांबवता विचारलं, "तुझ्या आजोबांकडे बैल होते म्हणालीस ना, त्यांचं शेवटी काय झालं?" त्या विचारण्यात काही खोच नव्हती. गुरं राखणारं माणूस दुसऱ्या गुरं राखणाऱ्याच्या नातीला विचारेल, तसं विचारलं. आणि मी क्षणाचाही वेळ न घेता म्हणाले, "म्हातारे झाले आणि आमच्या दारातच गेले." बाई थांबल्या, माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "नशीबवान जनावरं."

परतीच्या अडीच तासांच्या रस्त्यात ते दोन शब्द डोक्यातून जाईनात.

आम्ही वॉशिंग्टनच्या पश्चिमेला राहतो. दर शनिवारी सकाळी जवळच शेतकऱ्यांचा बाजार भरतो, तिथे या बाई अंडी आणि मांस घेऊन येतात. सहा वर्षं मी त्यांच्याकडून अंडी घेते आहे. मांस कधी घेतलं नाही. आमच्याकडे मटण होतं, कोंबडी होते, नवरा मालवणचा असल्याने मासे तर लागतातच. गाईबैलाचं मांस मात्र घरात शिजत नाही. मुलगा बाहेर खातो हे आम्हाला माहीत आहे आणि आम्हाला माहीत आहे हे त्यालाही माहीत आहे. त्यावर घरात कधी बोलणं झालेलं नाही. बाईंच्या टेबलावर एक फोटो असतो, पोटापर्यंत गवतात उभ्या असलेल्या काळ्या गुरांचा. एकदा मी सहज विचारलं, एवढ्या उंच गवतात गोचिडांचा त्रास होत नाही का? बाईंनी अंड्यांचा खोका बाजूला ठेवला आणि नीट माझ्याकडे पाहिलं. हे तुला कसं सुचलं, म्हणाल्या. मग माझ्या आजोबांचं, आबांचं निघालं, माणदेशातल्या आमच्या मुरमाड रानाचं निघालं, बैलांचं निघालं. "ये एकदा," बाई म्हणाल्या, "गुरं हलवतो तेव्हा ये."

गुरं हलवणं म्हणजे काय ते तिथे गेल्यावर कळलं. दोनशे चाळीस एकरांचं रान, लहानमोठी मिळून नव्वदेक जनावरं आणि मोठ्या कुरणात आखलेली छोटी छोटी चौकटीची रानं. दावं नाही, गोठा नाही, वेसण नाही. एक पांढरी दोरीसारखी तार, तिच्यात स्टीलचे केसासारखे धागे विणलेले, बॅटरीवरचा झटका देणारा डबा टिकटिक करतो आहे, आणि पायानं दाबून रोवायच्या प्लास्टिकच्या खुंट्या. आजचं गवत चरून झालं की दुपारी चारच्या सुमाराला पुढची चौकट उघडायची. गुरांना वेळ कळते. मी पोचले तेव्हा सगळी तारेपाशी येऊन उभी होती, कान पुढे करून. बाईंनी एका टोकाला तार उचलली, आणि सगळा कळप काही घाई न करता पण एकदम आत शिरला. त्यानंतर जो आवाज झाला तो मी तीस वर्षांत ऐकला नव्हता. गवत तुटण्याचा आवाज. जीभ गवताभोवती वळवून, मान झटकून, फर्र करून जुडी तोडायची. आणि तेच नव्वद तोंडं एकदम करताहेत. बाकी सगळं शांत. चिरडलेल्या क्लोव्हरचा, म्हणजे तीन पानांच्या चाऱ्याचा, गोडसर ओला वास, गुरांच्या श्वासाचा दुधट वास. एक कालवड माझ्या बुटापाशी आली, हुंगलं, आणि बुटाच्या कडेचं गवत खाऊन पुढे गेली.

बाईंचा नियम साधा आहे. गवताचा वरचा अर्धा भाग गुरांचा, खालचा अर्धा मातीचा. अर्धं खाऊन झालं की गुरांनी तिथून निघायचं, आणि ते गवत पुरतं उभं राहीपर्यंत परत पाऊल ठेवायचं नाही. वसंतात महिनाभर, जुलैच्या कोरड्यात दोन महिनेही. पाटीभर बी पेरून जे होत नाही ते नुसत्या विश्रांतीनं होतं, असं त्यांचं म्हणणं. नॉर्मंडीतल्या आंद्रे व्वाझाँ या फ्रेंच माणसानं १९५० च्या दशकात हे नीट मांडलं होतं: रान उजाड होतं ते गुरं जास्त झाली म्हणून नव्हे, ती एका जागी जास्त वेळ राहिली म्हणून. ताज्या फुटव्याला दुसऱ्यांदा तोंड लागलं की मुळातला साठा संपतो. या भागात हे अनेकांनी करून दाखवलं आहे. जवळच स्वूप गावाजवळ जोएल सॅलटिन यांचं पॉलिफेस फार्म आहे, १९६१ पासूनचं. तिथे गुरांच्या मागोमाग कोंबड्यांचं फिरतं खुराडं जातं आणि कोंबड्या शेणाचे पो उकरून त्यातल्या अळ्या वेचतात. बाईंची अंडी तशीच येतात. त्यांचा पिवळा बलक एवढा गडद का, याचं उत्तर मला सहा वर्षांनी मिळालं.

बाईंच्या आजोबांनी या उतारावर मका केला होता. पाऊस आला की माती खालच्या ओढ्यात, ओढ्यातून नदीत. शेवटी वर नुसते चुनखडीचे दगड राहिले. मग अमेरिकेच्या या पट्ट्यात सगळीकडे लावलं गेलं ते फेस्क्यू गवत इथेही आलं. केंटकीतल्या एका डोंगरउतारावर १९३१ साली ते सापडलं, १९४३ मध्ये त्याचं बियाणं बाजारात आलं. चिवट, कुठेही धरणारं, माती घट्ट पकडून ठेवणारं. त्याच्या पोटात एक बुरशी राहते हे पुष्कळ उशिरा कळलं. नुसतं तेच गवत खाल्लं की जनावराच्या रक्तवाहिन्या आकसतात, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, उन्हाळ्यात गुरं तळ्यात जाऊन उभी राहतात. बाई ते गवत काढून टाकत नाहीत. "त्यानंच माझी टेकडी धरून ठेवली," म्हणाल्या. त्याच्यात त्यांनी पांढरं आणि तांबडं क्लोव्हर, चिकोरी, ऑर्चर्ड गवत मिसळलं. सरसकट जंतांचं औषध देणं बंद केलं, कारण ते शेणातून उतरतं आणि शेणकिडे मरतात. एका पोवर त्यांनी बुटाचं टोक टेकवलं. दोन दिवसांचा पो चाळणीसारखा झाला होता. मी खाली बसले आणि काठीनं उकरला. आत लहान काळे किडे, आणि खाली मातीत थेट बोट जाईल अशी भोकं. बाईंनी फावड्यानं एक ढेकूळ कापून माझ्या हातावर ठेवलं. काळं, ओलसर, मुळांनी विणलेलं, मधे गांडुळाची अर्धी वेटोळी. मी ते नाकाशी नेलं.

तो वास माझ्या ओळखीचा होता.

पेरणीच्या आधी आमच्या रानात मेंढ्या बसायच्या. दिवाळीनंतर वाटेला लागलेले धनगर उन्हाळ्याच्या शेवटी माघारी येत, आणि गावात ज्याचा त्याचा आग्रह सुरू होई, आधी माझ्या रानात बसवा. आबा दोन दिवस आधीच वाड्यावर जाऊन बोलणी करून यायचे. किती रात्री, किती जोंधळे, वर किती पैसे. संध्याकाळी चारशे मेंढरं धूळ उडवत यायची. धनगर मेखा ठोकून वाघर लावायचा, त्या जाळीच्या गोलात मेंढरं एकमेकांना खेटून बसायची आणि रात्रभर त्यांच्या रवंथीचा, खोकण्याचा, कुत्र्यांच्या गुरगुरण्याचा आवाज घरापर्यंत यायचा. दुसऱ्या दिवशी वाघर शेजारच्या तुकड्यात. तिसऱ्या दिवशी त्याच्या पलीकडे. आबा सकाळी अनवाणी त्या तुकड्यातून चालत जायचे, लेंड्या आणि मुताची जागा पायानं तपासत, एखादा कोपरा कोरडा राहिला असेल तर धनगराला सांगायचे. त्या साली त्या रानातली बाजरी अंगावर येई. कुणी त्याला मातीचं आरोग्य वगैरे म्हणत नसे. मेंढ्या बसवल्या, एवढंच. व्हर्जिनियात ती पांढरी तार बघताक्षणी माझ्या तोंडात आलेला शब्द वाघर होता. बाईंना मी तो दोनदा म्हणून दाखवला. त्यांनी तिसऱ्यांदा नीट उच्चारला आणि नंतर दिवसभर तोच वापरला.

आता आमच्या गावात मेंढ्या फार कमी बसतात. ऊस आला, डाळिंब आलं, कुंपणं आली, धनगराच्या वाटा बुजल्या. युरियाची गोणी दारात येते आणि तिच्याशी बोलणी करावी लागत नाहीत.

बाईंच्या शेतीला इथे रीजनरेटिव्ह म्हणतात, मातीत पुन्हा जीव आणणारी. या शब्दाभोवती आता मोठा बाजार उभा राहिला आहे आणि त्यातलं सगळं मला पटलेलं नाही. जॉर्जियातल्या ब्लफटनमध्ये विल हॅरिस यांच्या घराण्याचं १८६६ पासूनचं व्हाइट ओक पास्चर्स आहे. त्यांनी १९९५ च्या सुमारास धान्य, औषधं, रासायनिक खतं सोडून गवताकडे मोर्चा वळवला. २०१९ मधल्या एका मोजणीत तिथल्या एक किलो बीफमागे हवेत काही सोडलं जाण्याऐवजी साडेतीन किलो कार्बन डायऑक्साइडइतका कार्बन मातीत मुरतो असं निघालं, आणि ती बातमी सगळीकडे फिरली. वर्षभरानं आलेल्या शोधनिबंधात दुसरी बाजूही होती, ती कमी फिरली: एवढंच मांस काढायला नेहमीच्या पद्धतीच्या अडीचपट जमीन लागते. ऑक्सफर्डच्या फूड क्लायमेट रिसर्च नेटवर्कनं २०१७ मध्ये म्हटलं होतं की चराऊ जनावरं जेवढे वायू सोडतात त्यातला फार तर वीस ते साठ टक्के भाग माती परत घेऊ शकते, तेही सगळं नीट जमलं तर. जनावर गवत खाल्लं तरी मिथेन सोडणारच, आणि कॅन्ससच्या फीडलॉटमध्ये, म्हणजे गुरं कोंडून धान्यावर पोसतात त्या वाड्यात, मक्यावर दीड वर्षाच्या आसपास तयार होणारं जनावर गवतावर तयार व्हायला दोन-अडीच वर्षं घेतं, म्हणजे तेवढे महिने जास्त. हे सगळं मी बाईंना विचारलं. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, जग वाचवायला मी हे सुरू केलं नव्हतं, माझा ओढा गढूळ वाहायचा थांबावा म्हणून केलं. मग मला ओढ्यावर घेऊन गेल्या. तळाचे गोटे दिसत होते. जगाच्या कार्बनचा हिशेब मला सांगता येणार नाही, पण आदल्या रात्री जोरात पाऊस झाला होता आणि ते पाणी नितळ होतं, हे मी पाहिलं आहे.

त्या ओढ्यावरून परत येऊन आम्ही तार गुंडाळायला लागलो, आणि तेव्हा त्यांनी बैलांचं विचारलं.

हरण्या आणि सोन्या ही आबांची शेवटची खिलार जोडी. खरसुंडीच्या पौषी यात्रेतून आणलेली, तेव्हा दोघं दुसे होते. पांढरीशुभ्र, तलवारीसारखी मागे वळलेली शिंगं, आणि खिलाराचा तो तापटपणा. परका माणूस दिसला की हरण्या फुरफुरायचा आणि आबांनी नुसतं "हां" म्हटलं की मान खाली घालायचा. आषाढात बेंदूर आला की आदल्या संध्याकाळी खांदमळणी. जू घासून घासून खांद्यावर जो घट्टा पडतो त्यावर आजी हळद-लोणी लावायची, तळहातानं गोल गोल चोळायची आणि कानात सांगायची, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मला त्या बैलांच्या कानाची ऊब अजून गालावर आठवते, कारण मीही आजीसारखं वाकून सांगायचे. दुसऱ्या दिवशी शिंगांना हिंगूळ, बेगड, पाठीवर झूल, आणि पुरणाची पोळी पहिल्यांदा त्यांना. त्या दिवशी त्यांच्या आधी घरात कुणी जेवत नसे.

एका पावसाळ्यात सोन्या पोट फुगून गेला. जोडी फुटली. दोन हंगाम आबांनी शेजाऱ्याशी वारंगुळा करून, म्हणजे त्याचा एक आणि आपला एक बैल जुंपून, ढकलले, पण हरण्या दुसऱ्या बैलाशी जुंपून घेईना, आणि त्याचं वयही झालं होतं. त्यात विहिरीवरची मोटर जळली. १९९४ सालचा हिवाळा असेल, मी सहावीत होते. आबांबरोबर मी बाजारात गेले होते, हट्टानं. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आला. त्यानं हरण्याचा ओठ वर करून दात बघितले, पाठीवर थाप मारली, बरगड्यांवरून हात फिरवला. मग आबांचा हात हातात घेतला, वर टॉवेल टाकला, आणि टॉवेलाखाली बोटं दाबत दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले. एक शब्द नाही. अठराशेला व्यवहार झाला. आबांनी हरण्याच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं. आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. त्याबरोबर घरातली लक्ष्मी जाते म्हणतात. हेडीनं स्वतःची दोरी बांधली. हरण्या त्याच्यावर फुरफुरला, आणि नेहमीसारखं आबांकडे बघितलं. आबा "हां" म्हणाले. त्यानं मान खाली घातली आणि टेंपोत चढला.

मी विचारलं, "आबा, ह्यो कुठं घिऊन जाणार त्याला?" आबा म्हणाले, "दुसऱ्याच्या रानात." तो तेरा-चौदा वर्षांचा, दात झिजलेला, एकटा बैल कुणाच्या रानात जाणार होता हे अकरा वर्षांच्या मलाही कळत होतं. मी पुन्हा विचारलं नाही. घरी आल्यावर आजीनं विचारलं नाही. वडिलांनी, आप्पांनी विचारलं नाही. दावं माळवदाच्या खोलीत खुंटीला गेलं. पुढच्या बेंदराला आजीनं मातीचे बैल पुजले.

आमची माया खोटी होती असं मला म्हणायचं नाही. हळद-लोणी लावणारा तो हात मी पाहिलेला आहे. पण त्या मायेला एक दार होतं, टेंपोच्या फळीएवढं, आणि त्याच्या पलीकडे आम्ही कुणी बघत नव्हतो. न बघणं हाच आमचा त्या जनावराशी शेवटचा व्यवहार होता. आणि तीस वर्षांनी, परक्या देशात, एका बाईंनी सरळ विचारलं तेव्हाही मी तेच दार लोटून घेतलं.

ऑक्टोबरात मी पुन्हा गेले. या वेळी मीच विचारलं होतं, ज्या दिवशी जनावरं जातात त्या दिवशी येऊ का? बाईंनी फोनवर थोडा वेळ काही उत्तर दिलं नाही, मग म्हणाल्या, पहाटे साडेपाचला ये. दोन गोऱ्हे होते, सत्तावीस महिन्यांचे. खच्ची केलेले, काळे, कानात पिवळे बिल्ले. आदल्या संध्याकाळी त्यांना कळपातून काढून खळ्याशेजारच्या वाड्यात ठेवलं होतं, आणि सोबतीला एक म्हातारी गाय, बुजू नयेत म्हणून. धुकं होतं. बाई पुढे चालल्या, हातात काठी नाही, नेहमी तार उचलताना घालतात तीच साद घातली, आणि ते दोघं त्यांच्या मागे ट्रेलरमध्ये चढले. पुढे नवं गवत आहे असंच त्यांना वाटलं असणार. माझ्या पोटात कालवलं. त्या सादेत आणि आबांच्या "हां"मध्ये मला तरी काही फरक दिसला नाही.

कत्तलखाना चाळीस मिनिटांवर. छोटा, सरकारी निरीक्षक समोर असल्याशिवाय काही होत नाही असा. तारीख वर्षभर आधी घ्यावी लागते; २०२० मध्ये करोनात मांसाचे मोठे कारखाने बंद पडले तेव्हापासून छोट्या ठिकाणी ही रांग लागते. बाई आत गेल्या, बिल्ल्यांचे आकडे स्वतः वाचून दाखवले, गोऱ्हे आतल्या वाड्यात शांत उभे राहीपर्यंत थांबल्या. मग गाडीत येऊन बसल्या, एक जुनी वही काढली आणि लिहिलं: आकडा, तारीख, वजन, कोणत्या गाईचा. मी डोकावून पाहिलं. त्याच गाईची आधीची पाच वासरं त्याच पानावर होती, प्रत्येकाच्या पुढे कुठे गेलं ते. इथले शेतकरी म्हणतात, आमच्या जनावराच्या आयुष्यात वाईट दिवस एकच. मला ते पूर्ण खरं वाटत नाही. वासरं आईपासून तोडतात तेव्हा तारेच्या दोन बाजूंना गाया आणि वासरं तीन रात्री हंबरतात, हे बाईंनीच मला सांगितलं होतं. पण त्या वहीत कुणी हरवलेलं नव्हतं. परत आल्यावर त्यांचा नवरा होजपाइप घेऊन ट्रेलर धुवायला लागला. बाई सरळ घरात गेल्या. जाता जाता एवढंच म्हणाल्या, "ट्रेलर मी कधी धूत नाही. तेवढं माझ्यानं होत नाही."

त्या आठवड्यात मी धाकट्या भावाला फोन केला. त्याच्याकडे बैल नाहीत, कधीच नव्हते. ट्रॅक्टर आहे आणि सात एचएफ, म्हणजे होल्स्टिन या विदेशी जातीच्या, गाया. दूध संकलन केंद्रावर जातं. २०१५ च्या कायद्यानं आपल्याकडे बैल आणि गोऱ्हेही कापायला बंदी आली, हे मी त्याला सांगायची गरज नव्हती. मी विचारलं, "तुझ्याकडं गोऱ्हा झाला तर काय करतोस रे?" पलीकडे शांतता. एचएफच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही, जू बसत नाही, उन्हात टिकत नाही. त्याला सांभाळायचं म्हणजे रोजचं दूध त्याच्या तोंडात ओतायचं, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. "ताई," तो म्हणाला, "त्ये नगं इचारू." मी त्याला काही बोलले नाही. त्याच्यावर दोन सोसायट्यांचं कर्ज आहे, आणि गोठ्यात पहाटे चारला तो उठतो, मी नाही. कायदा करताना ज्यांनी बैलाच्या प्रेमानं भाषणं केली असतील त्यांच्यातल्या किती जणांनी एका गोऱ्ह्याला वर्षभर सांभाळायचा खर्च मांडला असेल, एवढंच मनात येतं. पूर्वी टेंपोच्या पलीकडे काय होतं ते आम्ही बघत नव्हतो. आता गोठ्यातच एका कोपऱ्याकडे बघायचं नाही, असं झालं आहे.

भावानं फोन आप्पांकडे दिला. आप्पा आता अठ्ठ्याहत्तरचे आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून मी जवळजवळ ओरडून विचारलं, "आप्पा, हरण्या कुठं गेला वो?" मला वाटलं ते टाळतील. ते म्हणाले, "तुला म्हाईत न्हाई? म्हातारा पुढच्या बाजाराला परत गेलता की." आठ दिवस आबांनी ते अठराशे रुपये कनवटीला तसेच ठेवले होते. मोटर भरायला टाकली नव्हती. पुढच्या बाजाराला ते पैसे घेऊन, दावं खांद्यावर टाकून, कुणाला न सांगता गेले. हेडी भेटला. म्हणाला, आबा, तो माल त्याच दिवशी पुढं गेला. आबा परत आले ते यष्टीनं नाही, चालत आले, रात्री. दुसऱ्या दिवशी मोटर भरायला टाकली. "दावं हाय अजून," आप्पा म्हणाले. "खुंटीलाच हाय. कुणी हात लावत न्हाई."

मी इतकी वर्षं समजत होते की आबांनी पाठ फिरवली. ते परत गेले होते, आठ दिवस उशिरा.

मार्चमध्ये बाजार पुन्हा सुरू झाला तेव्हा मी अंडी घ्यायला गेले नाही, शेतावर गेले. गवत अजून बोटभरच होतं, गुरं बाहेर काढायची घाई करायची नाही असं बाईंचं चाललं होतं. आम्ही खुंट्या मोजत होतो, हिवाळ्यात मोडलेल्या बाजूला काढत होतो. मी म्हणाले, गेल्या वर्षी मी तुम्हाला खोटं सांगितलं. आजोबांचा बैल दारात मेला नाही. त्यांनी तो विकला, आणि मग परत आणायला गेले, पण तो पुढे गेला होता. बोलताना माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा जास्त कापला. बाईंनी हातातली खुंटी ढिगावर ठेवली.

"किती वर्षांचा होता?"

"तेरा-चौदा. दात झिजले होते."

त्या थोडा वेळ खालच्या रानाकडे बघत राहिल्या. "म्हणजे वाळकी वैरण चावत नसणार त्याला," म्हणाल्या. "थंडीत वाळत गेला असता."

"हो," मी म्हणाले. "त्या वर्षी बरगड्या दिसायला लागल्या होत्या."

"नाव काय होतं?"

मी सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, र आणि ण्या एकत्र येईनात. मी पुन्हा सांगितलं, सावकाश. मग खुंट्यांचा भारा दोन्ही बाजूंनी धरून आम्ही तो गाडीत टाकला.